डोरोथी हाइट आणि बुधवारच्या भेटी

साशंक : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजसेविका डोरोथी हाइट यांचं आयुष्य वांशिक न्यायाचा वस्तुपाठ म्हणून समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावं, असं तुम्ही म्हणता. मला त्यात मोठी अडचण दिसते. १९६४चा उन्हाळा घ्या. २१ जूनला मिसिसिपीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला. त्यांचे मृतदेह सापडायला ऑगस्ट उजाडला. मतदारयादीत नाव घालायला निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या नोकऱ्या जात होत्या, त्यांची चर्च जाळली जात होती. आणि त्याच उन्हाळ्यात हाइट आणि त्यांच्या गोऱ्या सहकारी पॉली कॉवन यांनी काय उभं केलं, तर उत्तरेकडच्या शहरांतल्या प्रतिष्ठित स्त्रियांची पथकं. मंगळवारी विमानानं यायचं, बुधवारी भेटीगाठी घ्यायच्या, गुरुवारी परत जायचं. म्हणून त्या उपक्रमाचं नाव ‘वेन्सडेज इन मिसिसिपी’. मोत्यांच्या माळा, पांढरे हातमोजे, जॅक्सनमधल्या एखाद्या गोऱ्या घराचा दिवाणखाना, कॉफी, आणि मग हळूच काढलेला विषय. जिथे खुनाला खून म्हणायला कुणी तयार नाही, तिथे मनं सांधण्याचं काम आधी हाती घेतलं तर ते ज्यांनी मारलं त्यांच्या सोयीचं होतं. ज्यांची माणसं मारली गेली, त्यांना त्यातून काय मिळालं?

समर्थक : सोय कुणाची झाली हे ठरवण्याआधी बोलावणं कुणाचं होतं ते पाहू. जॅक्सनच्या क्लॅरी कॉलिन्स हार्वी यांनी १९६१ मध्ये, बसप्रवासातला वंशभेद मोडायला निघालेले फ्रीडम रायडर्स तिथल्या तुरुंगात डांबले गेले तेव्हा, त्यांना कपडे आणि गरजेच्या वस्तू पोचवण्यासाठी स्त्रियांची संघटना उभी केली होती. बाहेरच्या स्त्रियांनी या उन्हाळ्यात आमच्याकडे यावं, इथे काय चाललंय ते डोळ्यांनी पाहावं, ही मागणी हार्वी यांच्यासारख्या तिथल्याच कृष्णवर्णीय बायांकडून आली. त्यांना साक्षीदार हवे होते. पथकांत गोऱ्या होत्या तशा कृष्णवर्णीयही होत्या. प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू, सगळ्या होत्या. विमानतळावर उतरल्यावर एकमेकींना ओळख दाखवायची नाही, राहायचंही वेगवेगळं, कारण एकत्र दिसणं धोक्याचं होतं. अशी सात पथकं त्या उन्हाळ्यात गेली. दिवाणखाने तुम्ही सांगितलेत. त्याच दौऱ्यांत या बाया चळवळीनं गावोगावी काढलेल्या फ्रीडम स्कूलमध्ये जात होत्या, तिथे शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांना भेटत होत्या, हेही मोजायला हवं. आणि गोऱ्या दिवाणखान्यांत तरी कोण बसलं होतं? व्हाइट सिटिझन्स कौन्सिलच्या दहशतीखाली गप्प झालेल्या बाया. वेगळं बोलणाऱ्या गोऱ्या माणसाचं दुकान बसवणं, नोकरी घालवणं, हे त्या कौन्सिलचं रोजचं काम. त्या शांततेतच खुन्यांना मोकळीक मिळत होती. ती शांतता मोडायला कुणीतरी आत शिरायला हवं होतं.

साशंक : शांतता मोडली ती रस्त्यावरच्या माणसांनी. नागरी हक्कांच्या कायद्यावर २ जुलै १९६४ला सही झाली, ती बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर पोरांनी पाण्याचे फवारे आणि कुत्रे अंगावर घेतल्यानंतर. मतदानाच्या हक्काचा कायदा १९६५च्या ऑगस्टमध्ये आला, तो त्याच वर्षी सेल्मा गावच्या पुलावर माणसांची डोकी फुटल्यानंतर. हा धडा मराठी माणसाला नवा नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी परदेशी जाता जाता बोटीवरून ठक्कर बाप्पांना लांबलचक पत्र लिहिलं. अस्पृश्यतानिवारणासाठी नवी संस्था निघाली होती, ठक्कर बाप्पा तिचे सरचिटणीस. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. बाबासाहेबांनी तिला सरळ विचारलं की तुम्ही एकेका माणसाला सुधारायला निघाला आहात, की ज्या परिस्थितीनं त्याला खाली दाबलंय ती बदलणार आहात? विहिरी, शाळा, चावडी इथले नागरी हक्क मिळवायची मोहीम आधी काढा, त्यासाठी संघर्ष ओढवला तरी चालेल, असं त्यांचं सांगणं होतं. सवर्ण माणूस स्वतःहून विचार करत नाही, त्याच्यापुढे पेच उभा राहिला की करतो. संस्थेनं त्या पत्राची दखल घेतली नाही. समाजसेवेच्या संस्थांना पेच नको असतो. हाइट यांची पद्धत मला त्या संस्थेच्या जवळची वाटते.

समर्थक : ते पत्र मीही वाचलं आहे, म्हणून त्याचा पुढचा भागही आठवतो. नागरी हक्क ही पहिली मागणी, रोजगारात आणि धंद्यात समान संधी ही दुसरी, आणि तिसरी सामाजिक संपर्काची. स्पृश्यांनी अस्पृश्यांना पाहुणे म्हणून, नोकर म्हणून आपल्या घरात घ्यावं. मनातली किळस कायद्यानं जात नाही, एकमेकांच्या आयुष्यात वावरल्यानं जाते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे संघर्ष आणि संपर्क ही दोन्ही कामं त्यांनी एकाच पत्रात मागितली. आणखी एक मागितलं. हे काम करणारी माणसं अस्पृश्यांमधलीच घ्या, कारण ज्याला आपल्या माणसांबद्दल माया आहे तोच ते तळमळीनं करील. हाइट नेमक्या तशा होत्या.

आणि त्यांचं काम दिवाणखान्यात सुरू झालं नव्हतं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजनं त्यांना प्रवेश दिला आणि त्या हजर झाल्यावर सांगितलं की दोन कृष्णवर्णीय मुली आधीच घेतल्या आहेत, वर्षाला दोनच घेतो. हे बर्नार्ड म्हणजे कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेलं, ब्रॉडवेच्या पलीकडचं मुलींचं कॉलेज. सोळा वर्षांपूर्वी बाबासाहेब ज्या कोलंबियात शिकायला आले, तेच हे आवार. हाइट न्यूयॉर्क विद्यापीठात गेल्या आणि १९३३ मध्ये शैक्षणिक मानसशास्त्रात एम. ए. झाल्या. महामंदीचे दिवस होते. शहराच्या मदत खात्यात त्या केसवर्कर म्हणून लागल्या, आणि १९३७ मध्ये हार्लेमच्या वायडब्ल्यूसीएमध्ये, म्हणजे ख्रिस्ती तरुणींच्या संस्थेत, आल्या. शहरात एकट्या आलेल्या कृष्णवर्णीय मुलींना तिथे राहायला जागा मिळे. या मुली कामाला कुठे जात? ब्रॉंक्सच्या ठरावीक कोपऱ्यांवर सकाळपासून उभ्या राहत. आपल्याकडचा मजूर नाकाच तो. हातात कामाचे कपडे भरलेली कागदी पिशवी. गोऱ्या मालकिणी येत, न्याहाळत आणि तासांच्या बोलीवर घेऊन जात. ताशी पंधरा सेंट इतकाही दर पडे, आणि तास कमी भरावेत म्हणून घरातल्या घड्याळाचा काटा मागे सरकवला जाई. एला बेकर आणि मार्व्हल कुक यांनी १९३५ मध्ये ‘क्रायसिस’ मासिकात याला गुलामांचा बाजार म्हटलं. हाइट यांनी याच प्रश्नावर न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेपुढे साक्ष दिली. त्यांच्या कामाची पहिली इयत्ता ही आहे. दिवाणखान्यात बसलेल्या मालकिणीची रीत त्यांना पंचवीस वर्षांपासून माहीत होती.

साशंक : नाक्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि तिथे मी तुमच्या बाजूला येते. पण तुम्ही मदत खातं एका शब्दात उरकलंत. केसवर्कर म्हणजे दारात येऊन घराची झडती घेणारी व्यक्ती. ती चौकशी करायची, फॉर्म भरायची, आणि ही बाई मदतीला पात्र आहे की नाही ते ठरवायची. पुढे तर अनेक राज्यांनी असा नियमच केला की आईच्या घरी कुणी पुरुष येतो असं दिसलं, तर मुलांची मदत बंद. तो पुरुष शोधायला मदत खात्याची माणसं मध्यरात्री दार ठोठावत. १९६८ मध्ये अलाबामाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. या धाडींचा जाच कृष्णवर्णीय आयांना सर्वांत जास्त सोसावा लागला. मूळ अमेरिकन रहिवाशांची मुलं घरातून उचलून निवासी शाळांत आणि परक्या घरांत घालण्यात समाजकार्यकर्ते होते. युद्धकाळात जपानी वंशाच्या कुटुंबांना छावण्यांत नेलं, तिथल्या नोंदणीच्या टेबलाशीही ते होते. टस्कीगीच्या सिफिलिस अभ्यासासाठी कृष्णवर्णीय पुरुष गोळा करण्यातही त्यांचा हात होता. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये या गोष्टींची जाहीर माफी मागितली. ज्या व्यवसायाच्या हातून या जखमा झाल्या, त्यानंच आता जखम भरण्याचं प्रशिक्षण द्यायचं, हे मला सहजासहजी पचत नाही.

यात आपलाही हिशेब आहे. मुंबईला १९३६ मध्ये टाटांची संस्था निघाली, तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन होते. दिल्लीची समाजकार्याची शाळा वायडब्ल्यूसीएनं काढली. हाइट स्वतः १९५२ मध्ये तिथे पाहुण्या प्राध्यापक म्हणून येऊन गेल्या. केसवर्क, ग्रूपवर्क हे सगळं आपण अमेरिकेतून घेतलं. तिथल्या पुस्तकांत वंश जितका दबलेला होता, तितकीच आपल्या अभ्यासक्रमात जात दबलेली राहिली. वस्तीत काम करणाऱ्या पोरांना आम्ही व्यसन शिकवलं, कुपोषण शिकवलं, कुटुंबकलह शिकवला. आणि ती वस्ती गावाबाहेर का आहे, हे विचारायला कितीतरी वर्षं गेली.

समर्थक : हा तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि त्याला हाइट यांच्याच आयुष्यातून उत्तर देतो. टस्कीगीचा अभ्यास १९३२ ते १९७२ असा चाळीस वर्षं चालला. अलाबामातल्या मेकन परगण्यातले सहाशे कृष्णवर्णीय पुरुष. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही ते त्यांना दिलं नाही, कारण रोग शेवटपर्यंत कसा जातो ते डॉक्टरांना पाहायचं होतं. हे बाहेर आल्यावर अमेरिकी काँग्रेसनं १९७४ मध्ये कायदा केला आणि माणसांवरच्या संशोधनाचे नियम ठरवण्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमला. त्यात अकरा सदस्य होते, आणि डोरोथी हाइट त्यांतल्या एक होत्या. १९७९ मध्ये छापून आलेला बेलमाँट अहवाल या आयोगाचा. आज पुण्या-मुंबईच्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीपुढे प्रस्ताव जातो, तेव्हा जी तत्त्वं मानली जातात त्यांत या अहवालाची तीन तत्त्वं आहेत. व्यक्तीचा मान, तिचं हित, आणि न्याय. संशोधनाचा भार गरिबांच्या अंगावर आणि फायदा श्रीमंतांच्या वाट्याला, असं होऊ द्यायचं नाही, हा त्या तिसऱ्या तत्त्वाचा गाभा. आपल्या व्यवसायाचं पाप एका समाजसेविकेनं नियमाच्या पातळीवर जाऊन अडवलं. त्यात मऊपणा कुठे आहे?

साशंक : मऊपणा नाही, पण उशीर आहे. नियम पुढच्या माणसाला वाचवतो. मेकन परगण्यातल्या माणसांचं काय झालं? १९७४ मध्ये खटल्याची तडजोड होऊन भरपाई मिळाली. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७च्या मे महिन्यात. तेव्हा त्यांतले फक्त आठ जण हयात होते. माफी मागून राष्ट्राला बरं वाटलं असेल. ज्याच्या हाडांत रोग गेला, ज्याच्या बायकोला तो लागला, त्याला त्या दिवशी काय मिळालं? मला भीती याचीच आहे. जखम भरण्याची भाषा संस्थांना आवडते, कारण ती त्यांना स्वतःलाच बरं वाटण्याचा मार्ग देते.

समर्थक : मग मिसिसिपीत पुढे काय झालं ते सांगतो, कारण हाइट यांना ही भीती तुमच्याआधी समजली होती. दोन उन्हाळे भेटीगाठी झाल्या. गावागावांतल्या कृष्णवर्णीय बाया ऐकत होत्या, बोलत होत्या, आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या की घरात खायला नाही, छप्पर गळतंय, काम नाही, पोरांना ठेवायला जागा नाही. गोऱ्या बायांचं मन वळलं की नाही, याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. १९६६ मध्ये त्या उपक्रमाचं नाव बदललं आणि स्वरूपही बदललं. भेटींच्या जागी कार्यशाळा आल्या. सरकारी योजनेसाठी अर्ज कसा करायचा, पैसा कसा मिळवायचा, बालवाडी कशी चालवायची.

आणि मग सनफ्लॉवर परगण्यातली डुकरांची बँक. फॅनी लू हेमर यांच्याबरोबर. हेमर कोण, तर कापूस वेचणारी बाई. १९६१ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरनं त्यांना न विचारता त्यांचं गर्भाशय काढून टाकलं. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, म्हणून मळ्यावरून हाकललं. १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं की त्याचा त्रास आयुष्यभर राहिला. या बाईला तुम्ही संवादाचं महत्त्व काय सांगणार? नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन, म्हणजे मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांनी १९३५ मध्ये काढलेली आणि १९५७ पासून हाइट चालवत असलेली संस्था, तिनं डुकरिणी आणि नर डुकरं विकत घेऊन दिली. कुटुंबानं एक डुकरीण न्यायची, वाढवायची, व्यायली की दोन पिल्लं बँकेत परत द्यायची, ती पुढच्या कुटुंबाला जाणार. बाकीची तुमची. खा, विका. मतदार म्हणून नाव नोंदवलं तर मळेवाला धान्य तोडतो, ही भीती कमी व्हायची असेल तर घराच्या मागे जनावर हवं. ज्या बाईच्या शरीरावर राज्यानं आणि डॉक्टरनं हक्क सांगितला, तिच्या हातात पुन्हा काहीतरी आलं. मी याला जखम भरणं म्हणतो, आणि न्यायही म्हणतो. ही दोन कामं इथे वेगळी काढता येत नाहीत.

साशंक : डुकरांची बँक मला मान्य, पूर्ण मान्य. पण बघा, ती चांगली ठरली कारण त्यात गोऱ्या बायांची मनं वळवायची नव्हती. तुम्ही माझीच बाजू मांडलीत. आता मी आणखी अवघड प्रश्न विचारते, हाइट यांच्या स्वभावाचा. २८ ऑगस्ट १९६३ला वॉशिंग्टनच्या मोर्चात लाखो लोक जमले. चळवळीच्या नेत्यांच्या बैठकांत बसणाऱ्या हाइट या एकट्या स्त्री होत्या, आणि तरी त्या दिवशी मुख्य भाषण करू दिलं गेलं नाही. त्यांना नाही आणि दुसऱ्या कुठल्या स्त्रीलाही नाही. व्यासपीठावर बसून राहिल्या. कृष्णवर्णीय वकील आणि कार्यकर्त्या पॉली मरे यांनी पुढे याबद्दल जाहीरपणे कडक शब्दांत ऐकवलं. हाइट यांचा सूर तसा नव्हता. आयुष्यभर सांभाळून घेणारा सूर. पुरुष नेत्यांना सांभाळलं, गोऱ्या बायांना सांभाळलं, राष्ट्राध्यक्षांना सांभाळलं. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच सगळ्यांच्या भावना जपायच्या, हे ओझं मला अमानुष वाटतं. दलित विद्यार्थ्यांकडून वर्गात हीच अपेक्षा होते. तुझा अनुभव सांग, पण कुणाला दुखावू नकोस.

समर्थक : त्या मोर्चाच्या दुसऱ्याच दिवशी हाइट यांनी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांची बैठक घेतली. मोर्चा झाला, आता पुढे काय, हाच विषय. म्हणजे व्यासपीठावर गप्प बसल्या आणि रात्रीतून आपली सभा उभी केली. मी त्याला माघार म्हणत नाही. पण ओझ्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच दाखवू शकतो की हे ओझं पेलायला त्यांनी काय व्यवस्था केली होती. त्या कायम दोन ठिकाणी होत्या. पोटाची नोकरी वायडब्ल्यूसीएची. लहानपणी पिट्सबर्गला ज्या संस्थेच्या तलावात पोहायला नकार मिळाला, तीच ही संस्था. तिच्या शाखा रंगाप्रमाणे वेगळ्या होत्या. १९४६ मध्ये तिनं वांशिक भेद मोडायची सनद स्वीकारली, आणि त्या कामात हाइट होत्या. १९६५ मध्ये तिथे वांशिक न्यायाचं केंद्र सुरू झालं, त्याच्या त्या संचालक, १९७७ पर्यंत. गोऱ्या बायांशी बोलायचं ते तिथे. आणि दुसरी जागा बेथ्यून यांची कौन्सिल. तिथे सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया, तिथे कुणाला समजावायचं नाही, कुणाची भावना जपायची नाही. चाळीस वर्षं, १९९७ पर्यंत, त्यांनी ती जागा राखली. पहिल्या जागेतलं काम दुसऱ्या जागेच्या बळावर चालत होतं, असं मला वाटतं.

आणि १९७० मध्ये ह्यूस्टनला वायडब्ल्यूसीएचं अधिवेशन भरलं, त्याआधी संस्थेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया वेगळ्या जमल्या. त्यांनी ठराव आणला की यापुढे या संस्थेचं एकच अटळ कर्तव्य, वंशवाद नाहीसा करणं, जिथे असेल तिथे, आणि लागेल त्या मार्गानं. ही भाषा माल्कम एक्सची आठवण करून देणारी. सांभाळून घेणाऱ्या बाईंच्या संस्थेनं ती मंजूर केली.

साशंक : मग माझा निष्कर्ष असा, की स्वतःची जागा आधी आणि समेट नंतर. वेगळं बसल्याशिवाय तो ठराव आला नसता. आणि आता मला आपल्या वादातली गाठ दिसते आहे. आपण मघापासून दोन कामांना एकाच नावानं हाक मारतोय. ज्यांना मार बसला त्यांनी आपापसात बसून आपलं माणूसपण सावरणं, हे एक काम. ज्यांना मार बसला आणि ज्यांचा त्यात फायदा झाला, त्यांच्यात संबंध जोडणं, हे दुसरं. पहिल्यासाठी गोऱ्यांची परवानगी लागत नाही, हजेरीही लागत नाही.

समर्थक : हे मला पटतं, आणि हाइट यांनी पहिलं काम किती मोठ्या प्रमाणावर केलं त्याचा दाखलाही आहे. १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवर एक माहितीपट आला, कृष्णवर्णीय कुटुंब नाहीसं होत चाललंय असं सांगणारा. त्याच्या वीस वर्षं आधी सरकारी मॉयनिहन अहवालानंही असंच निदान केलं होतं. समाजशास्त्र आणि समाजकार्य दोघांनाही या कुटुंबात आजार शोधायची सवय लागलेली. हाइट यांनी उत्तरादाखल लेख लिहिला नाही. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर कृष्णवर्णीय कुटुंबांचा मेळावा भरवला. आजी, आत्या, मामा, नातवंडं, दूरचे नातेवाईक, जेवण, गाणी, आरोग्य तपासण्या. पुढे तो दरवर्षी भरू लागला. आमचं कुटुंब म्हणजे काय हे आम्ही दाखवू, तुम्ही सांगायचं नाही. यात गोऱ्यांचं मन वळवायचा प्रश्नच नव्हता.

पण दुसरं काम सोडून द्यावं, असं यातून निघत नाही. जॅक्सनमधली ती गोरी बाई बुधवारनंतरही त्याच गावात राहणार होती. तिचा नवरा ज्यूरीवर बसणार होता, तिचा भाऊ बँकेत कर्ज मंजूर करणार होता. तिच्याशी कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

साशंक : बोलायला हवं होतं, आणि एक गोष्ट मी त्या पथकांच्या बाजूनं मान्य करते. गोऱ्या घरांत बोलायला गोऱ्या बायाच गेल्या. तो भार निदान योग्य खांद्यावर टाकला गेला. पण ती योजना आखली कृष्णवर्णीय बाईनं आणि तिची जोखीम सोसली कृष्णवर्णीय यजमानांनी. पाहुण्या गुरुवारी गेल्यावर रात्रीबेरात्री फोन कुणाला येणार होते? म्हणून विद्यार्थ्यांना हाइट शिकवायच्या असतील तर मी ब्रॉंक्सच्या नाक्यापासून सुरू करीन, मग सनफ्लॉवर परगणा, मग बेलमाँट. त्यांच्या शेजारी हेमर आणि मरे यांना बसवीन. बुधवार अगदी शेवटी, आणि त्याची किंमत कुणी मोजली या प्रश्नासकट.

समर्थक : मी बुधवार मध्ये ठेवीन. कारण आपल्या वर्गात कुणाला विमानानं यावं लागत नाही. गावकुसाबाहेरून आलेली मुलगी आणि वाड्यातून आलेला मुलगा पहिल्या दिवसापासून एकाच बाकावर आहेत. तुम्ही म्हणता तशी स्वतःची जागा आधी हवी, हे मान्य. पण त्यांना ती जागा मिळेपर्यंत वर्ग थांबत नाही.

साशंक : त्या मुलीला मी बोलायला सांगणार नाही. तिला जेव्हा वाटेल तेव्हा ती बोलेल, नाही वाटलं तर नाही. तिच्या दुःखावर इतरांचं शिक्षण व्हावं, याला माझा नकार आहे.

समर्थक : त्या नकाराला माझाही पाठिंबा आहे. पण मग उरलेल्यांना काय शिकवू, ते सांगा. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी घरी कामवालीसाठी वेगळी कपबशी अजून असेल, आणि तो मुलगा पुढच्या आठवड्यात फील्डवर्कसाठी तिच्याच वस्तीत जाणार आहे.

साशंक : त्याला वस्तीत पाठवूच नका. आधी त्याच्या घरी पाठवा, आणि फील्डवर्कची वही तिथे भरायला सांगा.

समर्थक : घरी तो एकटा पडेल. जॅक्सनच्या त्या बाईसारखाच एकटा. त्याच्याबरोबर कोण जाईल?